सबनीसकाकांची हिरवी बाटली

आमच्या श्रूजबरी गावातल्या मराठी मंडळींत कुणाकडेही पॉटलक, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायचं जेवण असलं, की सबनीसकाका पदार्थ आणत नाहीत, दारूची बाटली आणतात. आणि त्यातला थेंबही कुणाला पिऊ देत नाहीत. स्वतः तर चहासुद्धा अर्धाच कप घेणारे. बूच काढायचं, बाटली समोरच्याच्या नाकाखाली धरायची आणि विचारायचं, "बोला, काय काय येतंय?"

दारू हिरवीगार. फ्रान्सच्या डोंगरातले मौनी साधू ती करतात. औषध कंपनीतून रिटायर झालेल्या काकांना त्या साधूंचा इतिहास तोंडपाठ. "चारशे वर्षांपूर्वी एका सरदारानं त्यांना दीर्घायुष्याच्या औषधाची पोथी दिली. ती उलगडायलाच शंभरावर वर्षं गेली! क्रांतीत मठ गेला, साधू परागंदा झाले, पण पोथी वाचली. एकशे तीस वनस्पती! आणि कृती माहीत दोघातिघांनाच." मग आवाज खाली आणून, "मध्ये मागणी वाढली, तर म्हणाले, जास्त करणार नाही, प्रार्थनेला वेळ पुरत नाही. तुमच्या आयटीत म्हणेल कुणी असं?"

पहिल्यांदा ऐकायला मजा आली. अकराव्यांदा नाही.

गेल्या महिन्यात पॉटलक आमच्याकडे होतं. काका बाटली ओट्यावर ठेवून हात धुवायला गेले. मी ती दारू एका बरणीत काढली आणि बाटलीत खसचं सरबत भरलं. रंग अगदी तोच. मला वाटलं, काका पटकन ओळखतील, चार शब्द सुनावतील, सगळे हसू.

काकांनी बाटली नाकाशी नेली, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! आज पुदिना पुढे आहे."

"काका, खसचं सरबत आहे ते!" माझा मित्र नितीन ओरडला. हशा पिकला. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो. काकाही हसले, जरा उशिरानं. मग जेवायला न थांबता त्यांनी कोट चढवला. बाटली काखेत धरून बर्फातून गाडीपर्यंत सांभाळून पावलं टाकत गेले.

"तूच केलंस ना हे?" बायकोनं विचारलं. मी भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी बरणी घेऊन त्यांच्या घरी गेलो. "काका, सॉरी. गंमत करायला गेलो."

"बस," ते म्हणाले. "कोविडमध्ये मला वास येणं बंद झालं. सगळ्यांना परत यायला लागला, मला नाही."

मला बसवेना. ते बोलत राहिले.

"ही बाटली शैलानं, तुझ्या काकूनं घेतली होती, फ्रान्सच्या ट्रिपमध्ये. दुकानात वास घेतला आणि म्हणाली, 'अहो, हा तर आमच्या अप्पांच्या दवाखान्याचा वास!' अप्पा अमरावतीला वैद्य होते. मी म्हटलं, चल लवकर, बस सुटेल. तेव्हा माझं नाक शाबूत होतं रे. पण घेतलाच नाही मी वास. आता ती नाही. म्हणून विचारत फिरतो. एखादा तरी तसं म्हणेल."

"मग आम्हाला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं, तर मला बरं वाटावं म्हणून सगळ्यांनी तेच म्हटलं असतं."

मी बरणीचं झाकण काढलं. आमच्या घराण्यात कुणी वैद्य झाला नाही, तसला दवाखाना मी कधी पाहिलेला नाही. "बडीशेप येतेय," मी म्हणालो. "आणि कडू काहीतरी. नाव नाही सांगता येत."

"नाव नको." काकांनी खुर्ची पुढे ओढली. "कडू म्हणजे कसं कडू?"

त्यांच्याकडे बघायची हिंमत होईना. मी मान खाली घालून पुन्हा बरणीत नाक खुपसलं.