मी जुळवलेलं ग्राफिक्स कार्ड

जोडी कशी जुळवायची हे मला कोणी शिकवू नये! एकतीस वर्षं मी पंपाच्या कारखान्यात भांडार सांभाळलं. कुठल्या पंपाला कुठली मोटर लागेल, हे मी नुसतं पंपाकडे बघून सांगायचे. मोटर दांडगी आणि पंप मरतुकडा, तर वीज फुकट. पंप दांडगा आणि मोटर मरतुकडी, तर तासाभरात धूर! माझ्या हातून गेलेल्या एकाही जोडीतून धूर निघाला नाही.

त्यामुळे त्र्याहत्तराव्या वाढदिवसाला मुलाने माझ्या कॉम्प्युटरला नवा गेमिंगचा प्रोसेसर बसवून दिला आणि म्हणाला, "आई, आता याला साजेसं ग्राफिक्स कार्ड हवं, म्हणजे चित्र झरझर हलेल. मी दौऱ्यावरून आलो की बघू," तेव्हा मी त्याला तिथेच थांबवलं.

"तू कशाला? प्रोसेसर म्हणजे मोटर, कार्ड म्हणजे पंप. मी बघते!"

आता तुम्ही विचाराल, या वयात गेम कसले खेळता? दादामुळे! दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वय शहात्तर. दुसऱ्या गावाला असतो. दर रविवारी चार वाजता आम्ही आपापल्या घरी बसून कॉम्प्युटरवर गाड्यांची शर्यत लावतो. आणि शर्यत का लावतो? तर एकसष्ट वर्षांपूर्वी, मी बारा वर्षांची असताना, पिठाच्या गिरणीच्या उतारावर आमची सायकलची शर्यत चालली होती. मी पुढे होते. चांगली दोन हात पुढे! आणि या माणसाने मला ढकलून खड्ड्यात पाडलं. माझा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता आणि हा जिंकला! आजतागायत म्हणतो, "ठकू, तू आपोआप पडलीस."

आपोआप? मी काय पिकलेला पेरू आहे आपोआप पडायला?

गेल्या महिन्यात मी पैज लावली. त्यापुढच्या रविवारी मी जिंकले, तर दादाने घरच्या ग्रुपवर, अठ्ठावीस नातेवाइकांसमोर, त्या दिवशी काय झालं ते खरं खरं लिहायचं. हरले, तर मी तो विषय जन्मात काढायचा नाही.

पण जिंकू कशी? माझ्या पडद्यावर चित्र उचकी लागल्यासारखं चालायचं. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दिसतो, सेकंदाला किती चित्रं उमटतात त्याचा. दादाकडे नव्वद. माझ्याकडे एकोणीस! वळण दिसायचं तेव्हा मी त्या वळणावरच्या झाडात असायचे.

सोमवारी दुकानात गेले. दुकानदार चांगला पन्नाशीचा, डोक्यावर टक्कल, आणि मला म्हणतो कसा, "या आजी, नातवासाठी का?"

"माझ्यासाठी! आणि आजी कोणाला म्हणता?"

तो वरमला. मी प्रोसेसरची चिठ्ठी पुढे केली. त्याने लगेच विटेएवढं मोठं कार्ड काढलं.

"हे घ्या, पुढे दहा वर्षं बघायला नको."

"बेताच्या मोटरला हौदावरचा पंप विकताय? मधलं दाखवा!"

मी मधलं निवडलं. विजेचा हिशोब तपासला, टेपने लांबी मोजली. घरी येऊन माझ्या हाताने बसवलं, चार स्क्रू पिळले, पडद्याची वायर जोडली आणि गेम लावला.

एकोणीस!

मंगळवारी कार्ड परत. दुकानदाराने ते आपल्या कॉम्प्युटरवर लावलं, तर आकडा शंभराच्या वर.

"कार्ड उत्तम आहे, आज्... मॅडम. तुमच्याकडे वीज कमी पडत असेल. पॉवर सप्लाय बदला." मग खोक्यात कार्ड भरताना म्हणाला, "पण माल कसा परत आणावा हे तुमच्याकडून शिकावं! भोकांवरच्या टोप्यासुद्धा जागच्या जागी. नाहीतर लोक त्या पहिल्या दिवशीच हरवतात."

"भांडारात होते मी," मी म्हटलं. तेवढंच एक वाक्य तो शहाण्यासारखं बोलला होता.

नवा पॉवर सप्लाय बसवला. एकोणीस!

बुधवारी मी हट्ट सोडला आणि विटेएवढं कार्ड आणलं. ते कॉम्प्युटरच्या डब्यात मावेना. गुरुवारी मोठा डबा आणला. तो टेबलाखाली मावेना. म्हणून टेबल हलवलं, टेबलासाठी कपाट हलवलं आणि कपाटासाठी सूनबाईचं शिलाई मशीन व्हरांड्यात गेलं.

"आई, मी उद्या पडदे शिवणार होते," सूनबाई म्हणाली.

"रविवारनंतर शीव! एकसष्ट वर्षांचा प्रश्न आहे!"

शुक्रवारी सगळं जुळलं. बटण दाबलं. आतला पंखा असा घोंघावला की शेजारीण गच्चीतून डोकावली. मी कोपऱ्यात बघितलं.

एकोणीस म्हणजे एकोणीसच!

माझा संताप अनावर झाला. मी ग्रुपवर दुकानदाराची खरडपट्टी काढणारा मजकूर लिहिला. 'भामटा' हा शब्द मी चारदा वापरला. आणि रविवारी दुपारी फोन करून त्याला सुनावलं, "तीनच्या आत घरी या, नाहीतर हे सगळं धूड तुमच्या दारात आणून टाकीन!"

बिचारा जेवणाच्या पानावरून उठून आला असावा. डब्यासमोर बसला, आत बॅटरी मारली. "जोडणी झकास केलीय हो तुम्ही. स्क्रूसुद्धा मापात." मी सूनबाईकडे बघितलं. मग त्याने डबा फिरवला आणि मागच्या बाजूवर बॅटरी धरली.

"मॅडम, कार्डाच्या भोकांवर या टोप्या अजून कशा?"

"मालासोबत आल्या तशा आहेत."

"आणि पडद्याची वायर इथे खाली का लावलीत?"

"एवढं एकच भोक उघडं होतं, म्हणून!"

"अहो, ही वायर कार्डाला लावायची! खाली लावली की प्रोसेसर एकटाच चित्र काढत बसतो. कार्ड नुसतं शेजारी बसून वारा घेतंय. तीनही वेळा असंच केलंत?"

"मग काय टोप्या उपटायच्या?" माझा आवाज चढला. "नवीन मालाच्या तोंडावरची टोपी तपासणी झाल्याशिवाय भांडाराने काढायची नाही! एकतीस वर्षांचा नियम आहे!"

"बरोबर," तो नम्रपणे म्हणाला. "मग इथे तपासणी कोण करणार होतं?"

कारखान्यात तपासनीस समोरच्या टेबलावर बसायचे. टोप्या तेच काढायचे. मला निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती, आणि माझ्या घरी तपासनीस काही आले नव्हते.

सूनबाई तोंडाला पदर लावून व्हरांड्यात निघून गेली. शिलाई मशीन गदागदा हलत होतं, म्हणजे ती त्याच्यावर डोकं टेकून हसत असावी.

दुकानदाराने टोपी काढली, वायर वर लावली. आकडा एकशे चाळीस! रस्त्यावरचा खडा न् खडा दिसत होता. चार वाजता शर्यत लागली आणि मी दादाला हरवलं. चांगलं दोन हातांनी!

फोनवर मी ओरडले, "लिही आता! खरं खरं लिही!"

दादा म्हणाला, "ठकू, ढकललं मीच."

"केलंस कबूल!"

"ऐक तर. आदल्या दिवशी तू सायकल उघडली होतीस आणि तुझी तूच जोडली होतीस. आठवतं?"

"आठवतं. स्क्रू न् स्क्रू मापात होता."

"होता. पण ब्रेकची तार जोडायची राहिली होती. ती लोंबताना मला मागून दिसली. खाली गिरणीची भिंत होती. ओरडलो, तर तुला वाटलं चिडवतोय. मग ढकललं. खड्ड्यात गवत तरी होतं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"बाबांनी तुला सायकलला हात लावू दिला नसता पुन्हा. आता पैज हरलोय, तर सगळं लिहितो."

"दादा, थांब! एवढं सविस्तर कशाला?"

पाच मिनिटांनी ग्रुपवर एकच ओळ आली. 'होय, मी ढकललं होतं. दादा.' खाली अठ्ठावीस जणांनी त्याचा निषेध केला आणि माझं अभिनंदन!

मीही एक अंगठा टाकला. दुसरं काय टाकणार? मग वर सरकून दुकानदाराची खरडपट्टी पुसायला गेले, तर सूनबाई म्हणाली, "आई, आता उशीर झाला, ती फक्त तुमच्या फोनवरून पुसली जाईल. बाकी सगळ्यांकडे राहणार."

दुकानदाराची काही चूक नव्हती हे कुठेतरी नोंदवावं, म्हणून हे सगळं इथे लिहिलंय. आमच्या ग्रुपवरचं कोणी एवढं लांबलचक वाचत नाही. आणि हो, टोप्या मी डबीत जपून ठेवल्या आहेत. न जाणो, तपासनीस आलेच तर!