घडी मोडू नये

साड्या दोन जातींच्या असतात, नेसायच्या आणि द्यायच्या, हे वर्धा जिल्ह्यातल्या प्रत्येक बाईला पूर्वापार ठाऊक होतं. फक्त त्यावर कुणी दुकान काढलेलं नव्हतं. ते रूपरावांनी काढलं.

त्याआधी रूपराव आंजीहून सायकलवर गाठोडं बांधून गावोगाव फिरत. रंग चुकलेली पातळं, काठ वाकडे गेलेले पंचे, मिलचे कटपीस असा माल ते सगळ्यांपेक्षा स्वस्त विकत आणि सगळ्यांपेक्षा जास्त बोलणी खात. नवी नवरी म्हणून आलेल्या कोकिळाबाईंना नवऱ्याचा एक दोष पहिल्याच वर्षी कळला होता. ते खरं बोलत. सत्तरच्या लगीनसराईत त्यांनी जुन्या गिऱ्हाईक भागीरथाकाकूंनाही असंच सांगून टाकलं, की काकू, ही साडी घेऊ नका, एका धुण्यात रंग जाईल.

"धुवाची कोणाले हाये?" काकू म्हणाल्या. "मले नेसाची थोडीच हाये, द्याची हाये. पुतणीच्या सासूले."

"मंग तिनं नेसली तं?"

"थे काऊन नेसन? थे देईन आपल्या नणंदेले."

रूपराव त्या दिवशी सायकल हातात धरून, चालत घरी आले. माणसाला एवढा मोठा विचार सुचला की पॅडल मारणं होत नाही. वर्षभरात वर्ध्याला बाजाराच्या रस्त्यावर 'बचत वस्त्र भांडार' उघडलं. एका भिंतीला नेसायच्या साड्या, तीन भिंतींना द्यायच्या. पुढे नेसायच्या साड्यांच्या भिंतीला खिडकी पाडली.

त्यांची लेक मीरा तेव्हा पाळण्यातली होती. म्हणजे पाळणा अजून व्हायचाच होता. कोकिळाबाईंनी झोळीसाठी साडी मागितली, रूपरावांनी कौतुकाने दुकानातली एक आणून दिली, आणि ती आढ्याला गाठ मारतानाच फाटली. पोर अजून खालीच होती म्हणून बरं. कोकिळाबाईंनी पेटीतून स्वतःच्या लग्नातली साडी काढली, तिची झोळी बांधली, मीराला आत ठेवली आणि दोरी हलवत म्हणाल्या, "एक आयकून ठेवा. हिच्या लग्नात हिच्या अंगावर तुमच्या दुकानातला एक धागा येऊ देणार नाई मी."

रूपरावांनी लगेच कबूल केलं. लेक चार महिन्यांची असताना लग्नाबद्दलची कोणतीही अट कबूल करायला बाप तयार असतो.

दुकान चाललं. दुपारी मीरा झोपली की कोकिळाबाई घरी घड्या घालून त्यांना टाचण्या लावत. एकदा मीराने उठून हळदीचा हात एका घडीवर उमटवला. पुसूनही एवढंसं बोट राहिलंच. माल कमी पडत होता, साडी तशीच विकली गेली. आणि चार वर्षांनी आर्वीच्या नणंदेने संक्रांतीला कोकिळाबाईंची ओटी भरली, तर घडीवर तेच बोट. कोकिळाबाईंनी घडी छातीशी धरली. मीरा आता पाटी घेऊन शाळेत जात होती, आणि तिचं तान्हेपणीचं बोट जिल्हा फिरून घरी आलं होतं.

रूपरावांनीही साडी हातात घेतली. त्यांनीही ती छातीशी धरली, पण कारण वेगळं होतं. टाचण्या त्याच होत्या. एवढ्या घरांतून गेलेली साडी कुणी उघडलीच नव्हती.

"म्हणजे आतला कपडा," ते हळूच म्हणाले, "उगाच फिरून राह्यला."

यालाच पुढे भांडाराच्या जाहिरातीत 'अंतर्गत काटकसर' म्हटलं गेलं. आधी आतलं ब्लाउजपीस गेलं. मग पाच वारांची साडी चार वारांची झाली, चाराची तिनाची. कुणाची तक्रार आली नाही. भाव मात्र दर वेळी उतरवला, कारण रूपराव लबाड नव्हते. वाचलेला पैसा गिऱ्हाइकाला मिळालाच पाहिजे असा त्यांचा कटाक्ष होता. घडी पोकळ लागू नये म्हणून आत पुठ्ठा आला. पुठ्ठा आल्यावर घडी आधीपेक्षा जास्त भरीव दिसू लागली आणि बायका म्हणू लागल्या, की हल्ली भांडाराचा माल सुधारला. शेवटी पुठ्ठ्याला गुंडाळण्यापुरता वार-दीड वार कपडा उरला, वर झगझगीत पारदर्शक कागद आणि चिठ्ठी: 'घडी मोडू नये. मोडल्यास परत घेतली जाणार नाही.'

मग एक दिवस मोजमाप खात्याचे निरीक्षक वासुदेवराव दुकानात आले. तक्रार नव्हती. इतक्या मोठ्या दुकानाविरुद्ध एकही तक्रार नाही, हे संशयास्पद असल्याने चौकशी निघाली होती. त्यांनी फीत काढली आणि साडी उघडायला सांगितली. रूपरावांनी नम्रपणे विचारलं, की नियम काय म्हणतो? नियम म्हणत होता, की माल ज्या अवस्थेत विकला जातो त्याच अवस्थेत मोजावा. माल घडीच्या अवस्थेत विकला जात होता. वासुदेवरावांनी घडीची लांबी मोजली, रुंदी मोजली, जाडीसुद्धा मोजली. तिन्ही मापं बरोबर भरली. तेव्हापासून भांडाराच्या प्रत्येक साडीवर 'माप बरोबर' अशी त्यांच्या सहीची पट्टी लागू लागली आणि खप दुप्पट झाला. जाताना वासुदेवरावांनी घरच्या कार्यासाठी डझनभर साड्या नेल्या. सवलत मात्र त्यांनी नियमाप्रमाणे, इतर गिऱ्हाइकांइतकीच घेतली.

पुढे व्यापाऱ्यांनी स्वतःच्या कष्टाने वर आलेला उद्योजक म्हणून रूपरावांचा सत्कार केला. शाल त्यांच्याच दुकानातली होती. पाहुण्यांनी ती उलगडायला हात घातला तसे रूपराव चपळाईने पुढे झाले, घडीसकट शाल खांद्यावर ठेवून घेतली आणि ती पडू नये म्हणून पूर्ण भाषण मान वाकडी ठेवून केलं. लोकांना तो विनय वाटला.

एकोणनव्वद साली मीराचं लग्न ठरलं ते याच वासुदेवरावांच्या मुलाशी. कोकिळाबाईंनी झोळीपाशी घातलेल्या अटीची आठवण दिली. रूपराव म्हणाले, की एवढं घरचं दुकान असताना लोक काय म्हणतील? कोकिळाबाई म्हणाल्या, की लोक जे म्हणतील ते मी आयकीन, आणि नागपूरला जाऊन व्याह्यांकडच्या प्रत्येक बाईसाठी नेसायची साडी पूर्ण भावाने घेऊन आल्या. प्रत्येक साडी तिथल्या दुकानातच उघडून, हाताने मापून. दुकानदार वैतागला. आपल्याकडून एक धागाही खोटा जायचा नाही, एवढीच त्यांची धडपड होती.

पण लग्न लागताना नवरीने नेसायची साडी मुलाकडून येते. ती कोकिळाबाईंच्या हातात नव्हती.

बाहेर बँड थांबला, गुरुजी घाई करू लागले, तेव्हा विहीणबाई विमलाबाई तबक घेऊन नवरीच्या खोलीत आल्या. घडीवर कुंकवाचं बोट होतं, पारदर्शक कागद होता आणि सहीची पट्टी होती. "म्हटलं, नवरीच्या माहेरच्याच दुकानची घ्यावी," विमलाबाई प्रेमाने म्हणाल्या. "मानाची."

कोकिळाबाईंनी टाचणी काढली. पुठ्ठा खाली पडला. उरलेला कपडा मीराने कमरेला लावून पाहिला. तो गुडघ्याच्या वरच संपला आणि मागे पोहोचलाच नाही.

रूपरावांना बोलावणं गेलं. ते आले, पुठ्ठा पाहिला आणि ओळखला.

"तुमचाच माल हाये," कोकिळाबाई म्हणाल्या. "नेसवा लेकीले."

रूपरावांनी वासुदेवरावांकडे पाहिलं. ते दारात आले होते आणि स्वतःची सही वाचत होते. तक्रार कुणी करायची, हा मोठा नाजूक प्रश्न होता. मुलीकडच्यांनी करावी तर दुकान त्यांचं, मुलाकडच्यांनी करावी तर सही त्यांची. "माप तं बरोबर होतं," वासुदेवराव पुटपुटले.

कोकिळाबाईंनी पुरुषांना बाहेर घालवून दार लावलं. त्या दिवशी त्यांनी मुद्दाम आपली लग्नातलीच साडी नेसली होती. झोळीच्या गाठीच्या खुणा तिच्यावर अजून होत्या. ती त्यांनी सोडून मीराला नेसवली. नागपूरच्या साड्या सकाळीच व्याह्यांकडच्या बायकांच्या अंगावर गेल्या होत्या, म्हणून स्वतःसाठी कोकिळाबाई कोपऱ्यातल्या आहेराच्या ढिगाकडे वळल्या. तेवढ्या घड्यांत एकही साडी निघाली नाही, सगळे तुकडेच निघाले. बायकांनी ते त्याच टाचण्यांनी एकाला एक जोडले आणि त्यांना नेसवले. दार उघडण्याआधी कोकिळाबाईंनी नवऱ्याला फटीतून विचारलं, "उद्यापासून घडी उघडून, मापून देसान का? नाई तं मांडवात कोणी विचारलं हे काय नेसलं, तं समदं सांगतो."

"देतो," रूपराव म्हणाले. त्यांचे डोळे खरोखरच भरले होते.

मीराचं लग्न वेळेवर लागलं. कोकिळाबाईंच्या साडीला कुठली नवी फॅशन म्हणून तिघीचौघींनी नावाजलंही.

रूपरावांनी शब्द पाळला. दुकानावर पाटी लागली: 'साडी उघडून, पूर्ण पाच वार मोजून मिळेल.' भाव थोडा वाढला. पहिल्याच दिवशी भागीरथाकाकू आल्या. लग्नात नवरीच्या खोलीत त्या होत्याच. टाचण्याही त्यांनी लावल्या होत्या. कोकिळाबाईंनी कौतुकाने त्यांच्यासमोर पाचही वार उलगडले. काकूंनी कपडा चिमटीत धरून पाहिला.

"चांगली हाये, बाई. पण मले पुठ्ठ्याची पाह्यजे."

"काकू, तुमाले तं ठाऊक हाये आत काय असते."

"मले ठाऊक हाये," काकू म्हणाल्या. "जिले द्याची, तिले थोडीच?"

बाकीच्या गिऱ्हाइकांनीही काकूंचीच री ओढली आणि महिनाभरात पाटी उतरली. ती तशी कोकिळाबाईंनीच उतरवली. नंतर त्यांनी आपली ती जुनी साडी मीराकडून परत मागून घेतली, धुतली आणि पुढच्या झोळीसाठी पेटीत ठेवली. नेसायच्या साड्यांचं तेवढं एकच दुकान त्यांच्या ताब्यात होतं.

हे वाचून तुम्ही उठाल, कपाटाच्या वरच्या कप्प्यातली ती झगझगीत कागदातली घडी खाली काढाल आणि हातात तोलून पाहाल. टाचणी मात्र काढणार नाही. पुढच्या महिन्यात कुणाचं तरी लग्न आहे.