गुटी आणि गुडती

सहा वर्षांपूर्वी मी तरुण होते, म्हणजे साठीची, आणि बाळांबद्दल जगात कळण्यासारखं जे काही आहे ते मला कळतं असा माझा ठाम समज होता. त्या समजाच्या भरात मी एका पंजाबी घरातल्या नुकत्या जन्मलेल्या मुलीच्या ओठांना वेखंड लावलं. तेही तिच्या दोन्हीकडच्या आप्तांसमोर, रेशमी साडी नेसून. आणि वर हसले.

ती मुलगी मोहिंदरची नात. मोहिंदर कौर ही आमच्या खालच्या मजल्यावर राहणारी, शाळेतून निवृत्त झालेली बाई. माझी नि तिची ओळख टॉर्चच्या उजेडात झाली. मी साताऱ्याहून लेकीकडे चंडीगडला नातू सांभाळायला आले होते. लेक इथे डॉक्टर. एका सकाळी मी सेक्टरच्या बागेत नातवाला मांडीवर घेऊन बसले होते. धुकं नुकतं उठत होतं, झाडं दुधात बुडवून काढल्यासारखी दिसत होती. नातू बाटली तोंडात धरून पेंगत होता, त्याच्या नादाने मीही. डोळे उघडले तर एक बाई मोबाइलचा टॉर्च लावून त्याच्या तोंडात बघत होती.

"मुँह खोल, मेरे शेर!"

शेराने 'आ' केला. गडबडीत मीही केला. तिने माझ्याही तोंडात उजेड टाकला.

"आपके तो गए, बहनजी," ती म्हणाली. "इसके बचा लेते हैं."

आणि तिने बाटली काढून घेतली.

मोहिंदरच्या पिशवीत मलमलचे धुतलेले चौकोनी तुकडे असायचे. बाळाचं दूध पिऊन झालं की बोटाला तुकडा गुंडाळून ती त्याच्या हिरड्या पुसायची. बाळ कुणाचं, हा प्रश्न तिला पडत नसे. ती लांबून दिसली की बागेतल्या आया बाटल्या दुपट्याखाली लपवत. "सोते मुँह में बोतल नहीं, बोतल में चीनी नहीं," एवढं म्हणून ती बरोबर त्याच दुपट्यात हात घालायची. एखादी धीट सून म्हणायची, "आंटीजी, दूध के दाँत हैं, गिर ही जाएँगे." मग मोहिंदर कमरेवर हात ठेवून उभी राही. "मेहमान भी चला ही जाता है. तो उसे सड़ा के भेजोगी?"

लोहडीला सगळे शेकोटीभोवती नाचत, ही रेवड्यांच्या परातीशेजारी पाण्याचा जग घेऊन उभी. पोरांनी रेवडी खायची, चूळ भरायची, मगच नाचायला जायचं. एकदा मी नातवाला अंगाई म्हणत होते. तिने अर्थ विचारला. मी सांगितलं, ढगातून परी येते आणि साखर घातलेलं दूध आणते. मोहिंदर बराच वेळ ढगांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "परी से कहो, फीका लाया करे."

या सगळ्याचं मूळ तिने मला एका संध्याकाळी झोपाळ्यावर सांगितलं. तिचा मुलगा प्रीत. उंच, देखणा, अबोल. हसू आलं की तोंडावर हात ठेवायचा. तान्हा होता तेव्हा हिची नोकरी नवी, तो रडायचा, आणि ही चोखणी मधात बुडवून त्याच्या तोंडात द्यायची. "सो जाता था, राजा बेटा." शाळेत जायच्या आधीच त्याचे पुढचे दात काळे पडले. पोरं त्याला 'कोयला' म्हणायची. पुढे ते दात पडले, नवे आले. हात मात्र तिथेच राहिला. "मेरे सामने तो बिलकुल नहीं हँसता," ती म्हणाली.

त्याच प्रीतला मुलगी झाली. बाळ जगात आलं की घरातल्या कुणी भल्या माणसाने त्याच्या जिभेला गोड बोट लावायचं, ही इकडची रीत. तिला 'गुडती' म्हणतात, हे मला मागाहून कळलं. जो बोट लावतो, त्याचा स्वभाव बाळ घेतं म्हणे. खरड गावाहून आलेल्या विहीणबाईंना मध हवा होता, आणि बोट आपल्या फौजी भावाचं. मोहिंदर त्यांच्याशी कडाकडा भांडली. मध नाही म्हणजे नाही, आईच्याच दुधाचा एक थेंब. आणि बोट? ती जिना चढून माझ्याकडे आली.

"गुडती तुम दोगी, बहनजी. बच्ची उसपे जाए जो मुँह खोल के हँसे."

माझ्या सातारी कानांनी ऐकलं, 'गुटी'. ऊर भरून आला. तेवढ्यासाठी तर मी माहेरची सहाण चंडीगडपर्यंत वागवली होती!

"उगाळके लाऊँ?" मी विचारलं.

"उबाल के? वाह! हाँ हाँ, उबाल के ही लाना!" तिला वाटलं, मी दुधाच्या थेंबासाठी वाटी उकळून आणणार. स्वच्छतेच्या वेडापायी तिने माझा गालगुच्चा घेतला.

मी हिरडा उगाळला, मुरडशेंग उगाळली, वेखंड तर दोन वेढे जास्तच. खाली गेले. खोली माणसांनी भरलेली. प्रीतने दोन्ही हातांवर लेक धरली होती, काचेची असावी तशी. कुणी काही बोलायच्या आत मी हातातल्या सहाणेवरच्या गुटीत बोट बुडवून बाळाच्या ओठांना लावलं.

बाळाने जे तोंड केलं! हेडमास्तरांना कुणी गार चहा दिल्यावर करावं तसं.

"ये क्या चटा दिया?" विहीणबाई किंचाळल्या.

"वेखंड," मी अभिमानाने म्हणाले.

माझी लेक धावली, ओल्या कपड्याने बाळाचे ओठ पुसत सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नसतं, हे तुला कितीदा सांगायचं?" मोहिंदर सहाणेकडे बघत होती.

"उबाल के?" तिने हळूच विचारलं.

"उगाळके," मी म्हणाले, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तशा वेळी शहाण्या बाईने रडायचं असतं. मला हसू फुटलं. माझं हसू म्हणजे जिन्यावरून डबे गडगडल्यासारखं. प्रीतने माझ्याकडे पाहिलं, मग लेकीच्या वाकड्या तोंडाकडे, आणि तोही फुटला. दोन्ही हातांत लेक. तोंडावर ठेवायला हात कुठून आणणार? तो खांदे हलवत, मान मागे टाकून, दाढांपर्यंत हसला.

विहीणबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. मुलगी माझ्यासारखी खुळी निघणार, असं त्यांचं मत आहे, आणि लक्षणं तशी आहेत. सध्या तिचे पुढचे दुधाचे दात पडताहेत, पांढरेशुभ्र, आणि त्या खिडकीतून ती जगाला हसते.

पण त्या दिवशी मला वाटलं होतं, आपली मैत्री संपली. संध्याकाळी हिंदीतली माफी घोकत खाली गेले. व्हरांड्यात अंधूक उजेड होता. मोहिंदर मलमलच्या एका तुकड्याची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. मी तोंड उघडायच्या आत, झोपेत बोलावं तशी ती म्हणाली, "बहनजी, प्रीत का ऊपर वाला एक दाँत टेढ़ा है. मुझे पता ही नहीं था."