आप्पांची संमती

खासबागेतल्या विणकर गल्लीतलं घर सिद्रामचं होतं, पण घराखालची जागा बायाक्काची होती. बायाक्काच्या नवऱ्यानं, म्हणजे आप्पांनी, कधीकाळी विणकरांना लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानं जागा दिल्या आणि ज्यानं त्यानं त्यावर आपापल्या भिंती उभ्या केल्या. आता घर विकायचं तर जागेच्या मालकिणीची लेखी संमती हवी, ठरलेली फी हवी आणि वर एक साडी. फी भरता येत होती, साड्यांना तर विणकराच्या घरात तोटा नव्हता. घोडं अडायचं ते संमतीपाशी.

आप्पा वारून बरीच वर्षं झाली होती. कागदोपत्री मालकीण बायाक्काच. पण तिला ते मान्य नव्हतं. "जागा त्येंची. त्येंना इचारल्याबिगर मी सही कशी करू?" असं ती म्हणे. विचारायची रीतही ठरलेली. विकायच्या घरात दुपारी जेवायचं, तिथंच आडवं व्हायचं. आप्पा स्वप्नात येत आणि व्हय किंवा न्हाय सांगत. गल्लीत याला कुणी हसत नसे. वकीलसुद्धा अशिलाला सांगत, आधी आक्कांना जेवायला बोलवा, मग माझ्याकडं या.

सिद्रामला घाई होती. गुडघे थकले म्हणून त्यानं माग विकून टाकले होते. त्याच्या बायकोचा, सुवर्णाचा, जीव बेळगुंदी गावातल्या एका लहानशा घरात अडकला होता. तिथं पायाखालची मातीसुद्धा आपलीच असणार होती. त्या घराला इसार देऊन झाला होता. इकडं घर घेणारा राघवेंद्र उद्यमबागेतल्या कारखान्यात नोकरीला. महिनाअखेर कागद झाला नाही तर मी फ्लॅट बघतो, असं त्यानं सांगून ठेवलं होतं.

पहिल्या दिवशी सुवर्णानं पुरणपोळ्या केल्या. बायाक्का जेवली आणि सोप्यात घोंगड्यावर कलंडली. कौलातून उतरलेला उन्हाचा कवडसा तिच्या पायांवरून हळूहळू भिंतीकडं सरकत राहिला. ती झोपेत मंद हसत होती, त्यामुळं सिद्रामच्या आशा वाढल्या. उठल्यावर ती म्हणाली, पोळी जड झाली, स्वप्न पडायला पोटात जागाच राहिली नाही.

म्हणून पुढच्या खेपेला नुसती भाकरी आणि झुणका. तर म्हणे घर फार गप्प आहे. जन्म गेला मागांच्या खडखडाटात, असल्या शांततेत डोळा कसा लागणार? सिद्रामनं कपाळावर हात मारून घेतला. माग विकायची घाई त्याचीच होती.

मग त्यानं शेजारचं घर विकत घेतलेल्या परशराम विणकराचे पाय धरले. परशरामनं दारंखिडक्या उघड्या टाकून सगळे माग एकदम चालू केले. भिंती थरथरू लागल्या, फडताळातली भांडी वाजू लागली, हवेत सुताची बारीक लव तरंगू लागली. त्या गदारोळात बायाक्का लहान पोरासारखी झोपली. उठली ती हळहळतच. आप्पा आले होते, काहीतरी बोलले होते, ओठ हललेले तिनं पाहिले होते. पण मागांच्या आवाजात शब्द ऐकू आला नव्हता.

सिद्रामकडं आता दिवस उरले नव्हते. राघवेंद्रचा सकाळीच फोन येऊन गेला होता. सरळमार्गी माणूस खोटं बोलायला लागला की फार वाईट बोलतो, तसंच झालं.

"आक्का," तो म्हणाला, "आत्ता भिंतीला टेकून बसलोतो, माझा बी डोळा लागला. माझ्या सपनात आलते आप्पा. व्हय म्हणाले."

बायाक्कानं त्याच्याकडं रोखून पाहिलं. "खोटं बोलू नको रं. त्या वक्ताला ते माझ्याजवळ बसलेते. तुझ्याकडं कवा येतील? आनि व्हय त्येनी पयल्याच दिवशी सांगितलंय, आज परत कशाला सांगतील?"

 परशरामचे माग तेवढ्यात थांबले.

"पयल्याच दिवशी?" सुवर्णानं हळूच विचारलं.

बायाक्का पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "गल्लीतली बाकीची घरं कवाच इकून झाली गं. ह्ये शेवटचं. माझ्या घरात मला झोपच लागत न्हाय, तितं ते यायचे तरी कसे? हितं सही केली की मग गाठ कुटं पडायची आमची?"

सिद्रामला तिचा राग यायला हवा होता, पण त्याला गलबलून आलं. बायाक्कानं मात्र संमतीचा कागद स्वतःच ओढून घेतला आणि सही केली. सुवर्णानं डोळे पुसले आणि तिचा हात धरला.

"आक्का, बेळगुंदीला येत जावा. जेवायचं, झोपायचं."

"तितली जागा कुनाची?"

"आमचीच."

"मग न्हाय यायचे ते," बायाक्का खिन्नपणे म्हणाली. "दुसऱ्याच्या जागंत मालकाच्या संमतीबिगर पाय टाकायचे न्हाईत. लई कडक मानूस."

सिद्राम सावरून ताठ बसला. जन्मात पहिल्यांदाच त्याच्याकडं कुणी संमती मागत होतं.

"माझी संमती हाय म्हनून सांगा त्येंना."

"आनि फी?"

"तुमी जेवाय आलासा की पोचली."

बायाक्कानं क्षणभर विचार केला. मग ती पुन्हा घोंगड्यावर आडवी झाली, पदर तोंडावर ओढला आणि आतूनच म्हणाली, "थांब. इचारून सांगते."