बबनकाकांचं शटडाऊन

पाऊस ओसरला, की आमच्या शेजारच्या दारावर एक पाटी लागते : ‘शटडाऊन चालू आहे. कामाशिवाय आत येऊ नये.’ थेरगावातल्या आमच्या सोसायटीत नवीन आलेला माणूस ती वाचून घाबरतो. आत घाबरण्यासारखं काही नसतं. बबनकाका थंडीसाठी घर तयार करत असतात, इतकंच.

काका चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्स बघायचे; वर्षातून एकदा यंत्रं बंद ठेवून दुरुस्त करायची, त्याला तिथे शटडाऊन म्हणत. रिटायर झाल्यावर त्यांनी दोन खोल्यांचं घर कंपनीसारखं चालवायला घेतलं. दसऱ्याआधी बाकीच्यांच्या घरात जळमटं निघतात. यांच्याकडे आधी मेन स्विचला कुलूप पडतं आणि किल्ली काकांच्या खिशात जाते. मग गिझर उघडून आतले क्षार खरवडायचे, खिडक्यांच्या फटी मोजायच्या, बुरशी धरलेल्या भिंतीवर खडूनं गोल काढून तारीख टाकायची. मी एकदा म्हटलं, काका, आपल्याकडे थंडी ती किती, फार तर पंधरा दिवस मफलर. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि ठेवणीतला प्रश्न टाकला, “मोजली का?”

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारतात. भाजीत मीठ जास्त झालं म्हणा, गुडघा दुखतोय म्हणा, ‘मोजलं का?’ आहेच. काकू सांगतात, लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे गृहस्थ मांडवाच्या तिरप्या खांबाकडेच बघत होते.

पण खरी दहशत लाल चिठ्ठीची. वर्षभर कुणी न वापरलेल्या वस्तूला काका दोऱ्यानं लाल चिठ्ठी बांधतात. पंधरा दिवसांत कुणी लेखी कारण दिलं नाही, तर वस्तू भंगारात. काकूंचं इडलीपात्र असंच गेलं. नियम वर्षाचा असला, तरी तीनच महिने जागची न हललेली माझी स्कूटरही एकदा चिठ्ठी मिरवत उभी होती. मागच्या वर्षी तर चार दिवस पलंगावरून न उठलेल्या त्यांच्या मेव्हण्याच्या मनगटाला चिठ्ठी लागली. मेव्हणा संध्याकाळच्या एसटीनं गावी गेला.

या वर्षी चिठ्ठी काकूंच्या गोधडीला लागली.

गोधडी कवटाळून काकू सरळ माझ्या दारात आल्या. ती मधोमध फाटली होती. आत त्यांच्या आईची दोन लुगडी होती आणि टाके काकूंनी स्वतः घातलेले होते. दोन वर्षांपासून बोटं आखडल्यामुळे त्यांच्या हातात सुई ठरत नाही. “ह्यांना म्हणावं, आधी मला बांधा चिठ्ठी,” असं म्हणून त्यांनी डोळ्याला पदर लावला. मला काकांचा असा काही राग आला, की मी गोधडी घेऊन वॉशिंग मशीनच्या मागे कोंबली.

मग आठवडाभर काका घर उलथंपालथं करत होते. काय शोधताय विचारलं, की मान हलवून पुढे जायचे. आठव्या दिवशी दुपारी ते माझ्याकडे आले आणि मटकन खुर्चीत बसले.

“राव, हिची गोधडी हरवली. आता हिला काय तोंड दाखवू?”

मी तावातावानं गोधडी आणून त्यांच्यापुढे टाकली. भंगारात घालायला निघाला होतात ना, असंही सुनावलं. काकांनी नुसती चिठ्ठी माझ्यापुढे धरली. तिच्यावर दोन चौकोन होते, एक ‘भंगार’ आणि एक ‘दुरुस्ती’. खूण दुरुस्तीवर होती. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणी चिठ्ठी वाचलीच नव्हती; लाल रंग दिसला, की आम्ही वस्तू लपवायला धावायचो.

नंतर त्यांनी पिशवीतून एक जुनी चादर काढली. तिच्यावर टाक्यांच्या ओळी होत्या. वरच्या ओळी अगदी सरळ, खाली येता येता वाकड्या होत गेलेल्या. मला वाटलं, हात दमला असेल.

“सरळ जमतंय, राव. वाकडंच जमंना,” काका म्हणाले. “हिचे टाके मोजले मी. एक गव्हाएवढा, एक ज्वारीएवढा. गोधडी तिच्या आईची न् तिची हाय. माझा हात त्यात दिसाया नको.”

मला स्वतःची लाज वाटली. पुढचे सहा दिवस काका घरी ‘पंप बघून येतो’ असं सांगून दुपारी माझ्याकडे यायचे आणि बोटं टोचून घेत गोधडी शिवायचे. टाका चुकून सरळ पडला, की चरफडत उसवायचे.

पंधराव्या दिवशी त्यांनी गोधडी काकूंपुढे ठेवली. मी दारातच उभा होतो. काकूंनी तिच्यावरून हळूहळू हात फिरवला. एका कोपऱ्यात हात थांबला. तिथे चार टाके एकासारखे एक पडले होते.

“मोजून घातले का?” काकूंनी विचारलं.

“न्हाई,” काका म्हणाले.

काहीतरी न मोजता केल्याची कबुली काकांनी आयुष्यात पहिल्यांदाच दिली, आणि तीही साफ खोटी होती. बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं, थंडीचा पत्ता नव्हता. तरीही काकूंनी गोधडी उलगडली आणि अर्धी काकांच्या पायांवर घातली.