सासूबाईंचा फिरता मणका

आमच्या यंत्राला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय! हे वाक्य मी प्रत्येक पेशंटला ऐकवतो, घरी बायकोला ऐकवतो आणि समोर कोणीच नसलं तर दाढी करताना स्वतःलाच ऐकवतो. हाडांची घनता मोजणं हा माझा धंदा. पेशंटनं टेबलावर उताणं पडायचं. खालून फोटॉनचे, म्हणजे क्ष-किरणांच्या कणांचे, दोन झोत सुटतात, एक जोरकस, एक लेचापेचा. वाटेत मांस थोडे फोटॉन गिळतं, हाड भरपूर गिळतं. वर पोचले किती ते यंत्र मोजतं आणि हाडात खनिज किती ते सांगून मोकळं होतं. ना वशिला, ना भीडभाड!

तर त्या दिवशी टेबलावर साक्षात माझ्या सासूबाई होत्या.

त्या एकट्या राहतात, तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. मध्यंतरी जिन्यात घसरल्या. मुक्या मारावर निभावलं, पण बायकोनं फर्मान काढलं, "हाडं ठिसूळ निघाली तर आई आपल्याकडे येणार. कायमची!"

आता तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? सासूबाई चांगल्या आहेत, पण लांबून. त्या आल्या की खिडकीजवळची खुर्ची आणि घरातला शेवटचा शब्द, दोन्ही माझ्या हातून जातात. त्यामुळे बटण दाबताना मी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या तरी हाडांसाठी मनापासून देवाचा धावा केला.

पडद्यावर चित्र उमटलं. अहाहा! कमरेचा तिसरा मणका पांढराशुभ्र! आकडा तर असा की पैलवानानं मान खाली घालावी!

"आई, अहो ही हाडं आहेत की पोलाद!" मी ओरडलोच. बाहेर बसलेली बायको धावत आत आली. "बघ! काही गरज नाही यांनी आपल्याकडे येण्याची. तीन मजले काय, डोंगर चढतील!"

सासूबाई पडल्यापडल्या हसल्या. ते हसू जरा जास्तच समाधानाचं होतं, पण मी माझ्याच आनंदात होतो.

"अहो, बाकीचे मणके एवढे फिके आणि हा एकटाच कसा पांढरा?" बायकोनं विचारलं. तिला या विषयातलं ओ की ठो कळत नाही. म्हणूनच तिला असले प्रश्न पडतात.

"आई, उठा बरं जरा. कमरेला काही राहिलंय का? किल्ली, नाणं, पिन?"

"तुमच्या नर्सनं दिलेल्या या झग्याला धड नाडीसुद्धा नाही, जावईबापू! मी लपवणार कुठे?"

त्यांना पुन्हा झोपवलं, पुन्हा मोजलं आणि मला दरदरून घाम फुटला. आता चौथा मणका पांढरा होता आणि तिसरा बिचारा इतरांसारखाच फिका!

"अगं बाई! मणका सरकला?" बायको किंचाळली.

"मणके काय संगीत खुर्ची खेळतात का?"

"मग तुमचं यंत्रच बिघडलंय!"

"माझं यंत्र? सकाळीच नमुन्याचा ठोकळा ठेवून तपासलंय मी!"

आमचा आवाज ऐकून डॉक्टरीणबाई आल्या. त्यांच्यामागून बाहेर ताटकळलेले पेशंटही दारात जमले. बाईंनी दोन्ही चित्रं शांतपणे पाहिली.

"आजी, सकाळपासून काय घेतलंत?"

"काही नाही." मग हळूच, "कॅल्शियमच्या गोळ्या. मूठभर."

"मूठभर?" आम्ही नवराबायको एकदमच ओरडलो.

"परीक्षेआधी अभ्यास करतात ना? तसा मी केला!"

डॉक्टरीणबाईंनी ओठ घट्ट मिटून हसू आवरलं. "गोळ्या अजून विरघळल्या नाहीत, पोटात फिरताहेत. मणक्यासमोर येतील तिथे तेच फोटॉन अडवतात. यंत्रानं गोळ्या मोजल्या, हाडं नाही. असा आचरटपणा पुन्हा करू नका, आजी. काही दिवसांनी या."

बायकोचे डोळे भरून आले. "आई, आमच्याकडे यायचं एवढं जिवावर येतं तुझ्या?"

"तुझ्याकडे आत्ता येईन गं! पण हे..." सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "चहाला फोटॉन, जेवायला फोटॉन! मागे मी राहायला आले तेव्हा जरा आडवी झाले तरी म्हणायचे, आई, पाय सरळ ठेवा! त्यापेक्षा गोळ्या परवडल्या!"

दारातले पेशंट खो खो हसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांना मी टाळत होतो, त्याच मला टाळायला मुठीनं गोळ्या गिळत होत्या! मला! "ते काही नाही, आई!" मी गरजलो. "हाडं कशीही निघोत, तुम्ही आमच्याकडेच राहायचं! आजपासून! कायमचं!"

पेशंटांनी टाळ्या वाजवल्या. बायकोनं इतक्या प्रेमानं माझ्याकडे लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

सासूबाई त्याच संध्याकाळी आमच्याकडे राहायला आल्या आणि मी रुसून तोंड मिटलं. पुढे गोळ्यांशिवाय तपासणी झाली. हाडं वयाच्या मानानं ठणठणीत निघाली.

"म्हणजे आता तुमच्या घरी परत जायला काहीच हरकत नाही, आई," मी शक्य तितक्या उदासपणे म्हणालो.

"छे हो! चार लोकांत तुम्ही दिलेला शब्द मी कसा मोडू?" सासूबाई म्हणाल्या. "शिवाय तुम्ही रुसून बसल्यापासून घरात इतकी शांतता आहे, जावईबापू, की मला अगदी करमायला लागलंय!"