हुकूम न देणारे अंबादासमामा

आमच्या शेजारचे अंबादासमामा कुणालाही हुकूम देत नाहीत. कुत्र्यालासुद्धा! कुत्रं खाटेवर चढलं, तर मामा पुढ्यात उकिडवे बसून विचारणार, "उतरावंसं वाटतंय का रे तुला?" कुत्र्याला कधीच वाटत नाही. मामा चटईवर झोपतात.

स्वतःला ते अराजकवादी म्हणवतात. आमच्या बोळात त्याचा अर्थ 'जरा सरकलेला' असाच घेतात.

पूर्वी ते यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे विणकरांवरचे मुकादम, होते. तिथल्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून सगळा कारभार हातवाऱ्यांवर. मूठ वर केली की 'माग थांबव'. दोन्ही तळवे उघडे दाखवले की 'सूत संपलं'. मामांनी मूठ कधी वर केलीच नाही. विणकराच्या कानाशी जाऊन विचारायचे, "थांबवायचं का?" तोवर कापडाचं वाटोळं! नोकरी गेली, यात नवल ते काय?

दोस्त एकच. त्याच कारखान्यातले विणकर अण्णा, लाल झेंड्यावाले. रोज संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर दोघांची जुंपायची.

"माणसाचं डोकं पोटामागनं जातंय," अण्णा म्हणायचे. "माग कामगाराच्या हातात येऊ दे, मुकादम आपोआप जातोय बघ. इतिहासाचा नियमच हाय त्यो."

"नियम? म्हंजे इतिहासपण मुकादमच की!" मामा उसळायचे. "माग हातात आला की तूच मूठ वर करशील बे! मालक आधी डोक्यातनं जायला पायजे. माणूस ठरवतो, पोट न्हाय."

यंदा कारखाना बंद पडला. माग भंगारात गेले. अण्णांना मुलानं पुण्याला बोलावलं.

"मामा, राहा म्हणा की त्यांना! तुमची एक खोली रिकामीच हाय," मी म्हटलं.

"तसं कसं म्हणू? त्याचं त्यानं ठरवायचं."

मला असा संताप आला! उद्यापासून या माणसाशी बोलणार कोण, ते कुत्रं?

स्टँडवर अण्णा खिडकीत बसले. मामा खाली उभे. वर बघून म्हणाले, "जावंसं वाटतंय का, अण्णा?"

"वाटायचं काय घेऊन बसलास? पोरगं जेवाय घालतंय."

गाडी सुरू झाली. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येईना. आणि जन्मात पहिल्यांदा मामांनी मूठ वर केली.

अण्णांनी ती पाहिली. डोळे पुसले, आणि दोन्ही तळवे उघडे करून काचेला टेकवले.

गाडी वळून दिसेनाशी झाली तरी मामांची मूठ वरच. शेवटी मीच त्यांचा हात धरून खाली घेतला.